लग्नपत्रिकेचं पॅकिंग

माणसाला कशाची किळस येईल याचा काही नेम नाही. माझ्या बायकोला पालीची येते, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला उकडलेल्या अंड्याची. मला लग्नपत्रिकेची येते. म्हणजे पत्रिकेनं माझं काही घोडं मारलेलं नाही. ती कापून इंजिनात पॅकिंग म्हणून घालणाऱ्या माणसाची मला किळस येते. आणि असा माणूस नागपुरात दर गल्लीत एक तरी भेटतोच.

नागपूरला लागून असलेल्या वाडीला, मेन रोडच्या मागच्या बाजूला माझं डिझेल इंजिनाचं दुकान आहे. पस्तीस वर्षं होत आली. नवी इंजिनं माझ्याकडं येत नाहीत, त्यांना आता लॅपटॉप लावतात. माझ्याकडं येतात ती जुनी, धूर ओकणारी, दहा हातांनी उचकटलेली. पहिलं अर्धं काम असतं आधीच्या लोकांची घाण काढायचं. नट चुकीच्या पान्यानं गोल करून ठेवलेले, पाइपला साबण लावून गळती थांबवलेली, कुठं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. हे सगळं पाहून पाहून माझं तोंड कायमचं वाकडं झालंय, असं बायको म्हणते. ती खोटं बोलत नाही.

तर पत्रिकेचं सांगतो. एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनाला डिझेलचा पंप बाजूनं दोन नटांवर बसतो. त्या पंपाच्या बुडाखाली स्टीलचे पातळ पत्रे असतात, त्यांना आम्ही शिम म्हणतो. एक पत्रा काढला की डिझेल लवकर उडतं, एक घातला की उशिरा. सगळं टायमिंग त्या दोन-तीन पत्र्यांवर. उशिरा उडालं तर इंजिन पांढरा धूर सोडतं आणि मरगळून चालतं. लवकर उडालं तर ठोकतं, आणि सुरू करताना हँडल मारणाऱ्याच्या हातात हँडल उलटं फिरतं. त्या उलट्या फटक्यानं मनगटं मोडलेली माणसं मी पाहिलेली आहेत.

हे पत्रे फाटतात, हरवतात. नवे आणायला बाजारात जावं लागतं. मग आमच्या लोकांची एक रीत आहे. दुकानाच्या खुंटीला कोणाची ना कोणाची लग्नपत्रिका लटकलेली असतेच. जाड, गुळगुळीत, फुकटची. ती पंपाच्या बुडावर ठेवायची आणि हातोडीनं कडेकडेनं हळूहळू ठोकत जायचं, की धारेवर कागद आपोआप कापला जातो, नटांची भोकंही पडतात. असे दोन-तीन थर एकावर एक ठेवले की झालं. वर म्हणायचं, कामचलाऊ हाये, चालून जाते. हे कामचलाऊ ऐकलं की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. कागद तेल पितो, फुगतो, मग दबतो. तो दबला की पंप खाली बसतो आणि टायमिंग आपलं आपण पुढं सरकतं. ज्यानं घातलं तो तोवर घरी जाऊन जेवून झोपलेला असतो.

मागच्या मे महिन्यात, भर दुपारी, एक छोटा टेम्पो दारात येऊन थांबला. मागं दोरानं बांधलेलं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि त्या इंजिनाला टेकून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उन्हात बसलेली. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, सावलीत, तिचा नवरा. मला तिथंच चीड आली.

नवरा उतरला आणि जयभीम काकाजी म्हणाला, तेव्हा ओळखलं. पारशिवनीकडं आमचं गाव, तिथल्या माझ्या दोस्ताचा हा मुलगा. दोस्ताची पिठाची चक्की होती. तो जाऊन चार वर्षं झाली. मुलगा मिहानमध्ये एका कंपनीच्या गेटवर गार्ड आहे, इथंच रूम करून राहतो, पंधरा दिवसांतून एकदा गावाकडं जातो. चक्की सून चालवत होती. ती मागून उतरली तेव्हा दिसलं, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

नवऱ्यानं सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. गावात थ्री फेज लाइनीचा भरवसा नाही, म्हणून चक्की या इंजिनावर. दोन आठवड्यांमागं सकाळी हँडल मारताना ते उलटं आलं आणि हिचं मनगट मोडलं. सगळं गाव म्हणालं, हे बायामाणसाचं काम नाही. त्यालाही ते पटलं. उद्या सकाळी इंजिनाचं गिऱ्हाईक येणार होतं. त्याला इंजिन चालू पाहिजे, तेवढं करून द्या. इंजिन विकायचं, चक्कीला कुलूप घालायचं, आणि ही इथं रूमवर येऊन राहील, दोन वेळचा सैपाक करील.

सून खाली मान घालून ऐकत होती. मी तिला पाणी दिलं. ग्लास डाव्या हातानं घेऊन तिनं एकच विचारलं.

"चार वर्षं मीच हँडल मारून राहिली, काकाजी. आताच काहून उलटं आलं?"

आता मी जाणता माणूस ना. मी तिला व्याख्यान दिलं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या समोरून आवळायचा नसतो, बोटांच्याच बाजूनं ठेवायचा, म्हणजे उलटं आलं तरी हातातून सुटून जातं. बाया लाटणं धरतात तसं हँडल धरतात, मग मोडतं. हे असं मी बोललो, आणि चवीनं बोललो. तिनं टेम्पोतलं हँडल डाव्या हातानं उचललं आणि धरून दाखवलं. अंगठा बोटांच्या बाजूनं, अगदी बरोबर. मी पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं नाही.

आम्ही इंजिन उतरवून सिमेंटच्या ओट्यावर बसवलं. त्याच्याकडं बघवत नव्हतं. चक्कीचं इंजिन म्हणजे पीठ आणि तेल, दोन्ही मिळून त्याचा काळा लगदा होतो आणि सगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसतो. आंबलेल्या कणकेचा वास. पंख्याच्या मागं उंदरानं चिंध्यांचं घर केलेलं, त्यात लेंड्या. मी खरवडत होतो आणि बडबडत होतो. सून म्हणाली की हात मोडल्यापासून पुसलं नाही, नाहीतर रोज पुसत होते. मी हूं केलं.

मग मी स्वतः हँडल घातलं. सिलिंडरचा दाब सोडणारा वरचा खटका उचलून धरायचा, चाकाला चांगला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा, ही रीत. मी वेग दिला, खटका सोडला, आणि हँडलनं असा उलटा हिसका दिला की हात उडाला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. नवरा दोन पावलं मागं सरकला. मी हात चोळत म्हणालो, हात नाही चुकला हिचा, टायमिंग चुकलंय.

वाटलं होतं, विषय संपला. नवरा म्हणाला, "टायमिंग चुकलं तं तिनंच पंपाशी काही केलं असन. दिवसभर काही ना काही उघडून पाह्यत राहते थे."

सून पहिल्यांदा वर बघून बोलली. "म्या पंपाले हात लावला नाही, अन् कोणाले लावूही देला नाही. बाबा सांगून गेले होते, बाकी काय उघडाचं थे उघड, पंपाले हात लावू नोको. चांगल्या माणसानं बसवला हाये थो."

चांगल्या माणसानं म्हणे. मी नाकातून हसलो. आधी टायमिंग पाहून घेतलं. पंपावरचा पाइप सोडायचा, वरच्या तोंडाशी डिझेल काठोकाठ येऊ द्यायचं, आणि चाक अगदी हळू, चालायच्या दिशेनंच फिरवायचं. ज्या घडीला ते डिझेल नुसतं थरथरतं, तिथं थांबायचं. तेव्हा चाकावरची खूण इंजिनावरच्या बाणासमोर यायला पाहिजे. पुढं गेलं तर तिथल्या तिथं मागं आणायचं नाही, गिअरमधली ढिलाई फसवते. चांगलं पाव फेरा मागं जायचं आणि परत यायचं. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा डिझेल हललं तेव्हा खूण बाणाच्या अजून दोन बोटं अलीकडं होती. म्हणजे डिझेल दोन बोटं लवकर उडत होतं, हे फार झालं. एवढ्यावर इंजिन हात मोडणार नाही तर काय करणार.

मी विचारलं, पंपाचे नट कोणी कसले होते का. नवरा म्हणाला, हो, मागच्या सुट्टीत त्यानंच, ही चक्कीवर नव्हती तेव्हा. पंपाखालून तेल झिरपत होतं म्हणून लांब पान्यानं चांगले आवळले. मी म्हटलं, खाली स्टील असेल तर कितीही आवळ, काही फरक पडत नाही. तो म्हणाला, तेच तर. म्हणजे तिनंच काही केलं असणार.

मी नट सोडले आणि पंप उचलला. बुडाखालून स्टीलचा पत्रा निघाला एक. बाकी होता तो काळा, चिकट, दबून पापडासारखा झालेला कागद. तीन थर. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी तो पकडीनं चिमटीत धरून दोघांच्या समोर नाचवला.

"घ्या. हा तुमचा चांगला माणूस. लग्नाची पत्रिका कापून घातली भामट्यानं. असल्या माणसाचे हात तोडाले पाहिजे."

हात तोडायची गोष्ट मी प्लास्टर घातलेल्या बाईसमोर बोललो.  तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं, आणि ती उगाच टेम्पोकडं बघायला लागली. मला वाटलं, सासऱ्याच्या विश्वासाचा कचरा झाला म्हणून वाईट वाटलं असेल. मी तर रंगात आलो होतो. म्हटलं, थांबा, कोण्या नवरदेवाच्या वरातीचं हे पॅकिंग आहे ते तरी बघू. ताटलीत डिझेल ओतलं, कागद त्यात बुडवला आणि अंगठ्यानं चोळायला लागलो. काळं सुटत गेलं. वरच्या थरावर दोन ओळींची टोकं दिसली, 'आमची कन्या' एवढंच वाचता येत होतं. अजून चोळलं. त्याच्या खाली पिंपळाचं पान निघालं. जांभळ्या रंगाचं.

पिंपळाचं पान आमच्या समाजातल्या अर्ध्या पत्रिकांवर असतं. सोनेरी असतं नाहीतर हिरवं असतं. जांभळं पान साऱ्या नागपुरात एकाच पत्रिकेवर छापलं गेलं होतं, माझ्या पोरीच्या. तिनं सोनेरी निवडलं होतं, छापणाऱ्यानं रंग चुकवला, आणि त्याच्या दुकानात उभं राहून मी तासभर त्याच्याशी भांडलो होतो. कामचलाऊ लोक, म्हणालो होतो त्याला. दिवस थोडे उरले होते म्हणून तशाच उचलून आणल्या.

मग सगळंच आठवलं. सहा वर्षं झाली त्याला. पत्रिका वाटायला गावात गेलो होतो. दोस्ताची चक्की बंद, पंप उघडून ठेवलेला, आतले पत्रे फाटलेले, दारात दळणाचे डबे रांगेनं. तो म्हणाला, आलाच आहेस तर बघ. मला अजून अकरा घरं करायची होती. चहा येईपर्यंत मी पिशवीतून एक पत्रिका काढली, पंपाच्या बुडावर ठेवली आणि हातोडीनं ठोकून तीन थर कापले. खूण बाणासमोर आणून दिली. त्या दिवशी टायमिंग सुताइतकंही चुकलेलं नव्हतं. म्हणालो, लग्न झालं की येतो आणि स्टीलचे घालून देतो. दोस्त हसला होता. म्हणाला, पोरीच्या लग्नाचं पॅकिंग घातलं, आता हे इंजिन आपलं सोयरं झालं. लग्नाला तो आला, जेवला, आहेर दिला. पॅकिंगची आठवण त्यानं दिली नाही आणि मला राहिली नाही. वाडीहून ते गाव दीड तासाच्या आत येतं. सहा वर्षांत मी तिथं दोन मयतींना आणि एका बारशाला जाऊन आलो होतो.

मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. नवरा टेम्पोवाल्याशी बोलत होता. मी तो कागद ओलाच्या ओला दुमडला आणि शर्टाच्या खिशात घातला. डब्यातून स्टीलचे नवे पत्रे काढले, दोन घातले, पंप बसवला, चाक फिरवून पाहिलं. अजून थोडं कमी पडत होतं, तिसरा पातळ घातला. आता डिझेल हललं आणि खूण बाणासमोर आली. पाइप जोडला. हँडल घातलं. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं, आणि जे काय सुरेख चाललं म्हणता. ठोका नाही, धूर नाही. एरवी अशा वेळी मी विडी पेटवतो. तेव्हा मला माझ्या हातांचा वास सहन होत नव्हता.

नवरा खूश झाला. म्हणाला, आता भाव चांगला येईल. मग बायकोकडं वळून म्हणाला की पाहिलंस, काकाजीनं अर्ध्या तासात नीट केलं. तू पंपाशी खेळली नसतीस तर हातही राहिला असता आणि चक्कीही.

सून त्याच्याकडं बघत नव्हती. ती माझ्या छातीकडं बघत होती. मी खाली पाहिलं. खिशातून काळं तेल झिरपून शर्टावर हाताच्या पंजाएवढा डाग पसरला होता.

अजूनही वाट होती. नवऱ्यानं नट आवळले म्हणून कागद दबला, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी दुकानात पस्तीस वर्षं ज्यांना शिव्या दिल्या ते सगळे नेमकं असंच बोलतात. मला माझीच शिसारी आली.  मी इंजिन बंद केलं, खिशातून तो लगदा काढला आणि ओट्यावर पसरून ठेवला.

"हे पान पाह्य," मी नवऱ्याला म्हणालो. "माह्या पोरीच्या लग्नाची पत्रिका हाये हे. हे पॅकिंग म्या घातलं होतं. स्टीलचे घालून देतो म्हणलो अन् गेलो नाही. तुह्या बायकोचा हात हँडलनं नाही मोडला गा. म्या मोडला."

तो कागदाकडं बघत राहिला.  गार्डच्या नोकरीत लोक कबुली देत नसावेत. मी त्याला सांगितलं की तिची पकड बरोबर आहे, मी मघाशी डोळ्यांनी पाहिली, आणि पाहून गप्प बसलो. तिच्या जागी तू असतास तर तुझाही हात गेला असता. इंजिन विकायचं तर वीक, पण तिला हँडल मारता येत नाही म्हणून विकू नको, ते खोटं आहे. उद्याच्या गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते तिला विचारून सांग.

सून इतक्यात जवळ आली होती. तिनं ते जांभळं पान बोटानं सरळ केलं.

"पंप तुम्हीच बसवला होता, थे मले मालूम होतं," ती म्हणाली. "बाबा तुमचंच नाव घेत. म्हणून तं म्या दुसऱ्या कोणाले हात लावू देला नाही."

म्हणजे मी भामटा म्हणालो, हात तोडायला पाहिजेत म्हणालो, तेव्हा तिला माहीत होतं की हा म्हातारा स्वतःलाच शिव्या देतोय. मोठ्या माणसाच्या तोंडावर कसं बोलायचं म्हणून ती टेम्पोकडं बघत राहिली होती. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, पण जे आलं ते इतकं फालतू होतं की अर्ध्यातच थांबलो.

नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, नाही विकायचं. तो मान खाजवत फोन काढून रस्त्याकडं गेला. गिऱ्हाईकाला उद्या येऊ नको म्हणून सांगत होता, आवाज येत होता.

मला वाटलं आता झालं. मी टेम्पोवाल्याला इंजिन चढवायला हाक मारली. सून इंजिनासमोरून हलली नाही.

"आता याच्यात काय घातलं?" तिनं विचारलं.

"स्टील," मी म्हणालो. "तीन पत्रे."

"दाखवा."

इंजिन तापलेलं होतं. पंपाचे नट हाताला चटके देत होते. मी पाना घेतला, पाइप सोडला, नट सोडले आणि पंप परत उचलला. ती वाकली, डाव्या हाताच्या नखानं पत्र्यांच्या कडा एकेक मोजल्या, आणि एक बाहेर ओढून उजेडात धरून पाहिला.

"बसवा," ती म्हणाली. मग हँडल उचलून काखेत घेतलं आणि मी नट आवळेपर्यंत तिथंच उभी राहिली.